कामावरची ताई

माझ्या धाकट्या बहिणीला दोन ताया आहेत. एक मी, घरची. दुसरी कामावरची. ही नावं तिनेच पाडली आहेत, बोलताना घोटाळा नको म्हणून. घरचा डबा, घरची चप्पल, तशी मी घरची ताई. आई गेली तेव्हा धाकटी माझ्या कमरेला लागत होती. मी पडदे शिवते. मशीनशेजारी बसवून तिच्याकडून पाढे म्हणून घेतले, तिच्या वेण्या घातल्या, तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. माझं लग्न ठरलं तेव्हा ह्यांना पहिली अट हीच घातली, की धाकटी माझ्याबरोबर येणार. आणि त्या पोरीने 'ताई' हा शब्द उचलून एका परक्या बाईला लावला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला तर माझं काय चुकलं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

तर त्या बाईबद्दल. मीठमिरची लावत नाही, आहे तशी सांगते.

दिसायला काही म्हणजे काही नाही. आडव्या अंगाची, केस पार बारीक कापलेले, नखं मुळापर्यंत काढलेली, हातांची कातडी रोज औषधी पाण्याने धुऊन धुऊन सोलवटलेली. अंगावर एक दागिना नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एका खोलीत एकटी राहते. बोलते कमी, जेवते भरपूर. धाकटी काम करते त्या प्रयोगशाळेत ती पिंजरे धुवायला म्हणून लागली आणि बघता बघता जनावरांना सुया टोचण्याचं, त्यांचं रक्त काढण्याचं काम तिच्याकडे आलं. माकडाला कानामागे खाजवलं की ते आपणहून हात पुढे करतं म्हणे, हे तिने शोधून काढलं. हे सांगताना आमची धाकटी अशी खुलते की विचारू नका. मी मेली इतकी वर्षं पडद्यांना सरळ चुण्या घालतेय, त्याचं कधी कुणी एवढं कौतुक केलं नाही. बरं, त्या बाईला आईबाप, भावंडं कुणी आहेत की नाहीत, हे विचारलं तर धाकटीच्या तोंडाला कुलूप. म्हणे, बाकावरचं बाकावरच राहतं.

हा बाक काय ते सांगायला हवं, कारण माझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे.

गावाबाहेर एक मोठी इमारत आहे, खिडक्या नसलेली. तिथे जीवघेण्या तापांवर लशी तयार करतात. सध्या ज्याच्यामागे लागलेत तो ताप रानातल्या वटवाघळांकडून माणसात आला. दोघांना झाला तर त्यातला एक जातो. त्या इमारतीत अगदी आत एक खोली आहे, तिथे तो विषाणू जिवंत ठेवलेला असतो आणि लस टोचलेल्या जनावरांवर त्याची परीक्षा घेतात. आत जायचं तर पायापासून डोक्यापर्यंत हवा भरलेला पोशाख घालायचा, छतातून येणारी हवेची नळी पाठीला लावायची. त्या हवेचा एवढा घों घों आवाज की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. सगळं हातांच्या खुणांनी. एकट्याने आत पाऊल टाकायचं नाही, जोडीनेच जायचं. आणि एकदा जोडी जमली की सहसा बदलत नाहीत. आमची धाकटी आणि ती बाई ही एक जोडी.

रोज सकाळी पोशाख चढवण्याआधी दोघी एका बाकावर बसतात आणि एकमेकींना विचारतात. झोप लागली का. पोटात काही गेलं का. हाताला कुठे चिरलंय का. घरी कुणाशी वाजलं का. खरं सांगायचं, लपवायचं नाही, कारण आत हात थरथरला तर दोघींच्या जिवावर बेतेल. ऐकून घेतल्यावर दोघींपैकी कुणालाही वाटलं तर तिने नुसतं 'आज नाही' म्हणायचं. संपलं. मग दुसरीने त्या दिवशी आत जायचं नाही. का म्हणून विचारायचं नाही, तक्रार करायची नाही. तिथल्या मुख्य शास्त्रज्ञ आहेत, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांचंसुद्धा त्यापुढे काही चालत नाही.

नियम चांगला आहे, मी काही वेडी नाही. पण जरा माझ्या बाजूने बघा. मी सकाळी विचारते, झोप लागली का गं? हो. बरं वाटत नाही का? काही नाही गं ताई. चेहरा का उतरलाय? उगाच. आणि तासाभराने हीच पोरगी बाकावर बसून त्या बाईला सगळं घडाघडा सांगते. घरातलं माझं आणि ह्यांचं भांडणदेखील तिला ठाऊक असतं, कारण त्याने धाकटीची झोप मोडलेली असते. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात काय शिजतं ते सायकलच्या दुकानावर माझ्याआधी कळतं. ह्यांना सांगितलं तर हसले. म्हणाले, तूही एक बाक आणून ठेव. ह्यांना चेष्टा सुचते.

एका रविवारी धाकटीने तिला जेवायला आणलं. मी हात आखडता घेतला नाही, उद्या कुणी नाव ठेवायला नको. बाई मान खाली घालून जेवली. चांगलं झालंय म्हणाली नाही, वाईट झालंय म्हणाली नाही, तिसऱ्यांदा मात्र वाढून घेतलं. मध्येच तिने दोन बोटं एकमेकांवर घासली आणि धाकटीने मीठ पुढे सरकवलं. मग धाकटीने मनगट वळवून काहीतरी केलं आणि दोघी हसल्या. मी विचारलं, काय झालं? काही नाही गं, कामातलं आहे. माझ्या घरात, मी वाढलेल्या पानावर बसून, माझ्याच देखत हे गुळपीठ. आमचे हे तर इतके भोळे, की ती खूण आपल्यालाही शिकवा म्हणून हात पुढे करून बसले.

जेवणं आटपत आली तेव्हा त्या बाईने सहज धाकटीला विचारलं, छातीचा टाका अजून ओढतो का?

मी विचारलं, कसला टाका?

धाकटीचा घास हातातच राहिला. मग एकेक बाहेर आलं. तिला छातीत गाठ लागली होती. ती काढून तपासायला दिली होती, साधी निघाली, आता काळजीचं काही नाही. हॉस्पिटलात ही बाई बरोबर गेली होती, दिवसभर बाहेर बसली होती, आणि धाकटीला परत आणून गल्लीच्या तोंडाशी सोडून गेली होती. मला त्या दिवशी सांगितलं होतं, कामावर उशीर होईल. धाकटी म्हणाली, बाकावर सांगावंच लागतं, आणि तुला सांगितलं असतं तर तू आईचं आठवून झुरत बसली असतीस. आई त्याच दुखण्याने गेली. ती बाई ओशाळली, मला वाटलं घरी ठाऊक आहे, असं काहीतरी पुटपुटली. मी ताटं उचलली. नळ मोठा सोडून भांडी घासत बसले, म्हणजे कुणाला माझं नाक ओढलेलं ऐकू जायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला राहवलं नाही. धाकटी बूट घालत होती. मी म्हणाले, "उद्या मेलीस तर ते तरी मला कळवशील, का तेही तीच रडून घेणार?" असलं बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं ते गेलं. धाकटी डबा न घेता निघून गेली.

नेमका तो दिवस महत्त्वाचा होता. आधी निम्म्या माकडांना लस दिली होती, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. त्या दिवशी सगळ्यांना खरा विषाणू टोचायचा होता. मग कोण उभं राहतं आणि कोण आडवं होतं ते दिसणार. ताप तेव्हा गावोगाव पसरत होता, बातम्यांत दुसरं काही नव्हतं, सगळ्यांचे डोळे या लशीकडे. आणि सुया टोचायचं काम पहिल्यांदाच धाकटीकडे दिलं होतं. कित्येक दिवस ती त्याच्यासाठी जीव टाकत होती.

बाकावर त्या बाईने विचारलं, घरी कुणाशी वाजलं का. धाकटीने खरं ते सांगितलं. ती बाई तिच्या हातांकडे बघत बसली आणि म्हणाली, आज नाही.

मोठ्या बाईंचा चेहरा पडला, पण नियम म्हणजे नियम. दुसऱ्या एका जोडीतला माणूस मोकळा होता, त्याला घेऊन ती बाई आत गेली. त्याने माकड धरायचं, हिने टोचायचं. पण दोघांनी कधी एकत्र काम केलेलं नाही. शेवटच्या माकडाच्या वेळी त्याला वाटलं, झालं टोचून. त्याने पकड सैल केली. माकडाने हिसका दिला आणि तीच सुई दोन हातमोज्यांतून त्या बाईच्या बोटात गेली.

धाकटी घरी आली ती भिंतीसारखी पांढरी पडून. माझ्या जागी गेली ती, माझ्या हातात असायची ती सुई, एवढंच म्हणत राहिली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं, काय मनात आहे ते. घरात भांडण कुणी काढलं, हेच ना? काढलं मी. पण मी भांडले नसते तर सुई कुणाच्या बोटात गेली असती? हे तोंडाने म्हणायचं नसतं एवढी अक्कल मला आहे.

त्या बाईला मोठ्या हॉस्पिटलात काचेच्या खोलीत ठेवलं. तापावर औषध नव्हतं. होती ती फक्त त्यांचीच लस, आणि ती तोवर एकाही माणसाला दिलेली नव्हती. मोठ्या बाईंनी तिला विचारलं, घेणार का, काही सांगता येत नाही, उलटू शकते. ती म्हणाली म्हणे, माकडांना मी कधी विचारलं नाही, मला निदान विचारताय तरी, द्या. लस दिली. आणि लगेच ताप चढला. आता हा ताप लशीचा की विषाणूचा? डॉक्टर म्हणाले, थांबून बघायचं, दुसरा उपाय नाही.

धाकटी सकाळी जायची ती संध्याकाळपर्यंत त्या काचेबाहेर बसलेली. घरी आली की दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड. मला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण त्याच्याखाली दुसरंही काही वाटत होतं. मला एकदा चांगला फणफणून ताप आला होता तेव्हा ही परीक्षेला गेली होती. मीच जा म्हटलं होतं. तरी गेली होतीच ना?

मग निघालं ते असं. त्या काचेच्या खोलीत जायला नर्स कमी पडत होत्या. पोशाख घालून काम करायची सवय नाही, त्यात मरणाची भीती. हॉस्पिटलने प्रयोगशाळेला विचारलं, तुमच्यातलं सवयीचं कुणी मदतीला येईल का. धाकटीने हात वर केला.

मी मशीनवर होते तेव्हा तिने येऊन सांगितलं. उद्यापासून आत जाणार, ताईजवळ. मशीनवरचा पाय मी उचलला नाही. म्हणाले, "जा. तुझी ताई आहे ती."

ती दारात जराशी थांबली, मग गेली. हे धावत आले, अगं काय बोललीस हे, तुला कळतं का? मी म्हटलं, मला विचारलं का तिने? नुसतं सांगितलं. विचारलं असतं तर एका श्वासात नको म्हणाले असते. हातातल्या पडद्याची शिवण वेडीवाकडी चालली होती, पण तिने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं मी ठरवलंच होतं. सगळं तिकडे विचारायचं आणि इकडे फक्त निरोप द्यायचा, हे मी किती दिवस चालवून घ्यायचं?

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. का गेले ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ती कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि मी काचेपुढच्या खुर्चीवर बसले. आत ती बाई पडली होती. त्या आडव्या अंगाचं पार चिपाड झालं होतं, ओठ फुटलेले, चेहरा लाल. तिने मला ओळखलं आणि उशाशी लावलेल्या फोनकडे बोट दाखवलं. माझ्या बाजूलाही एक होता. तोवर आम्ही दोघी एकमेकींशी धड दोन वाक्यं बोललो नव्हतो.

"तिला आत येऊ देऊ नका," ती म्हणाली.

मी म्हटलं, तुम्हीच सांगा की. तुमचं ऐकते ती. तुमचा तो नियम आहे ना.

"इथे माझा नियम चालत नाही. इथे मी पेशंट आहे." तिने दम घेतला. "कालपासून ह्याच फोनवर सांगून सांगून थकले. ती म्हणते, ताईने जा म्हटलंय. ताई जा म्हणाली म्हणजे आता मला कुणी अडवू नये."

ताई. घरची नाही, काही नाही. नुसती ताई.

"माझं ती ऐकायची नाही," ती बाई म्हणाली. "ऐकलं तर तुमचंच ऐकेल. आणि मी बोलले असं सांगू नका. तिला कळलं तर मुद्दाम आत येईल."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? काचेपलीकडे ती बाई तापाने तडफडत होती, उद्या असेल की नसेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि मला इतका आनंद झाला की फोन जागेवर ठेवता येईना. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला, की ही 'जा' म्हणणारी ताई म्हणजे मीच, आणि पोरगी तिकडे पोशाख चढवते आहे. तशीच धावले.

धाकटीचा एक पाय पोशाखात होता. मी म्हटलं, "जायचं नाही."

"काल जा म्हणालीस."

"काल मी काहीही बोलले. जायचं नाही."

"आत ती एकटी आहे. तशीच मेली तर?"

"तर मला जन्मभर शिव्या घाल," मी म्हणाले. "पण तू बाहेर राहायचंस."

मला वाटलं, आता दुसराही पाय घालते. पण तिने पहिला बाहेर काढला. मग तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडली. मी पाठीवर हात ठेवला तर तो तिने काढून टाकला.

पुढे ताप उतरला. रक्त पुन्हा पुन्हा तपासलं, स्वच्छ निघालं. तो ताप लशीचाच होता, की विषाणूने तोंड काढलं आणि लशीने त्याला पुरून टाकलं, की सुईच्या टोकावर मुळात काही उरलंच नव्हतं, हे मोठ्या बाईंनाही सांगता येत नाही. त्या बाईचं उदाहरण त्या कुठे धरत नाहीत. माकडांचं मात्र धरतात. लस दिलेली सगळी उभी राहिली, खाऊ पिऊ लागली. मिठाचं पाणी दिलेली गेली. आता माणसांवर चाचण्या चालू आहेत, धडधाकट माणसं आपणहून दंड पुढे करतायत.

ती बाई आत जात नाही, एकदा सुई लागली की परत पाठवत नाहीत. बाहेरच्या खोलीत बसून पोशाखांत हवा भरून कुठे भोक आहे का बघते. धाकटीला नवी जोडीदारीण मिळाली आहे. तिला धाकटी ताई म्हणत नाही, नुसतं अहो-जाहो करते. ती बाई आता दर रविवारी आमच्याकडे जेवायला असते. तिसऱ्यांदा वाढून घेते. आता ह्यांच्याशीसुद्धा ती खुणांनी बोलते आणि हे लहान पोरासारखे हसतात. मला अजून डोळ्यांसमोर नको होते ती. वाढते मी, पण नको होते.

आणि धाकटीने मला माफ केलेलं नाही. बोलते, हसते, कपडे वाळत घालते, सगळं करते. पण कुठल्याही गोष्टीवरून वाजलं की शेवटी गाडी तिथेच येते. ताई आत तापात एकटी पडली होती आणि तू मला जाऊ दिलं नाहीस. तुला ती कधी आवडलीच नाही, म्हणून अडवलंस. मागच्या रविवारी हे तिने त्या बाईच्या देखतच म्हटलं. त्या बाईने घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग धाकटीकडे, आणि म्हणाली, अगं, ऐक जरा, त्या दिवशी फोनवर मीच...

मी भांडं उचलून तिच्या पानात भसकन वाढलं आणि म्हटलं, "जेवा तुम्ही."

ती समजली. मान खाली घालून जेवायला लागली. एक वाक्य पुरलं असतं. धाकटीचा राग जागच्या जागी निवला असता, माझ्या गळ्यात पडली असती कदाचित. पण मग तिला त्या दारातून मागे कुणी ओढलं? पुन्हा त्या बाईनेच. मी आपली निरोप पोचवणारी. ते नाही. पोरगी जिवंत आहे, समोर बसून माझ्यावर डोळे वटारते आहे, वटारू दे. तो राग माझ्या वाट्याचा आहे, आणि त्यातला कणभरदेखील मी त्या बाईला मिळू देणार नाही.